वॉरंट दाखवा म्हटलं तर चालतं का? घरझडतीबद्दल वाचकांचे प्रश्न

गेल्या महिन्यात आपण जामिनाबद्दल बोललो, पण पत्रं आणि मेल आले ते जास्त करून घरझडतीबद्दल. बहुतेकांच्या डोक्यात एकच चित्र आहे, दारात पोलीस, आपण छाती काढून म्हणायचं "वॉरंट कुठंय?" आणि पोलीस मान खाली घालून परत जायचे. तसं होत नाही, हे आधीच सांगून टाकते म्हणजे खालची उत्तरं वाचताना धक्का बसणार नाही. बऱ्याच प्रश्नांत कलमं जुनी होती, ९३, १००, १६५ वगैरे. १ जुलै २०२४ पासून सीआरपीसी, म्हणजे जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता, गेली आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, कोर्टात तिला सगळे बीएनएसएस म्हणतात, त्यामुळे मी नवे नंबर देतेय आणि लागेल तिथे जुना पण सांगते.

प्रश्न : वकीलताई, आमच्या पुतण्यावर मोटारसायकल चोरीचा संशय आहे. तो आमच्याकडे राहत पण नाही, कधीमधी येतो. तरी पहाटे साडेपाचला पोलीस आले, कपाटं, माळा, गोठा, सगळं उचकलं. वॉरंट विचारलं तर म्हणाले त्याची गरज नाही. हे बेकायदा नाही का? (नाव नको, सांगली जिल्हा)

उत्तर : दादा, वॉरंट नव्हतं एवढ्यावरून झडती बेकायदा ठरत नाही. आपल्याकडे होणाऱ्या घरझडत्यांतल्या कितीतरी बिनवॉरंटच्याच असतात आणि कायद्यानेच ती सोय ठेवलीय. बीएनएसएस कलम १८५, जुनं १६५. दखलपात्र गुन्ह्याचा तपास सुरू असेल आणि ठाण्याच्या प्रमुखाला किंवा तपासी अंमलदाराला सबळ कारणाने वाटत असेल की तपासाला लागणारी वस्तू अमुक ठिकाणी आहे आणि कोर्टात जाऊन वॉरंट आणेपर्यंत ती गायब होईल, तर तो स्वतः झडती घेऊ शकतो. मोटारसायकलचं इंजिन आणि चेसिस नंबर खोडायला किती वेळ लागतो ते तुम्हालाही माहितीय, त्यामुळे घाई होती असं म्हणायला पोलिसांना फार कष्ट पडत नाहीत.

पण याच कलमात पोलिसांच्या पायात बेड्या पण घातल्यात आणि त्या आपल्या लोकांना माहीतच नसतात. झडतीला निघण्याआधी त्याने केस डायरीत लिहायला पाहिजे की मला का वाटतं आणि मी काय शोधायला चाललोय. "काय" हे महत्त्वाचं आहे हां, नुसतं "आक्षेपार्ह वस्तू" असं मोघम नाही. शक्य असेल तर त्याने स्वतः जायचं, नाहीतर हाताखालच्याला लेखी आदेश देऊन पाठवायचं, नुसतं "अरे जा रे बघून ये" म्हणून हवालदाराला धाडता येत नाही. आणि त्या नोंदींची प्रत ४८ तासांच्या आत जवळच्या न्यायदंडाधिकाऱ्याकडे गेली पाहिजे. ही ४८ तासांची मर्यादा नव्या कायद्यात आली, आधी फक्त "ताबडतोब" होतं आणि ताबडतोब म्हणजे काय ते आपल्याला ठाऊकच आहे.

आता तुमच्या कामाची गोष्ट. ज्याच्या घराची झडती झाली त्याने त्या कोर्टात साधा अर्ज केला की या नोंदींची प्रत फुकट मिळते. तालुक्याच्या कोर्टात जा, गुन्हा रजिस्टर नंबर घाला, झडतीची तारीख घाला, कलम १८५ प्रमाणे प्रत मिळावी म्हणा. हा अर्ज फारसा कुणी करत नाही, आणि केला की ठाण्यात लगेच धावपळ होते, कारण बऱ्याचदा त्या नोंदी झडतीनंतर सावकाश बसून लिहिलेल्या असतात.

पहाटे आले म्हणून बेकायदा, असंही नाही. साध्या फौजदारी कायद्यात घरझडतीला वेळेचं बंधन नाही. सूर्यास्त ते सूर्योदय बाईमाणसाला अटक करायची नाही हा नियम तुमच्या मनात असेल, पण तो अटकेचा आहे, झडतीचा नाही. अमली पदार्थांच्या कायद्यात मात्र रात्रीच्या बिनवॉरंट झडतीला वेगळी कारणं लिहावी लागतात.

बरं, मग वॉरंट लागतं कधी आणि मिळतं कसं, हे तीन-चार जणांनी विचारलंय म्हणून इथेच सांगते. तपासी अंमलदार न्यायदंडाधिकाऱ्यापुढे अर्ज ठेवतो, गुन्हा कोणता, वस्तू कोणती, कुठे असेल असं वाटतं आणि का. मुख्य कलम ९६, जुनं ९३. त्यात तीन वाटा आहेत. एक, ज्याच्याकडे कागद किंवा वस्तू आहे त्याला समन्स पाठवलं तरी तो ती आणून देणार नाही असं कोर्टाला वाटतंय. दोन, ती नेमकी कुणाकडे आहे तेच माहीत नाही. तीन, सरसकट झडती घेतल्यानेच काम होणार आहे. कोर्टाला वाटलं तर ते वॉरंटमध्ये जागेची मर्यादा घालू शकतं, म्हणजे फक्त दुकान, वरचं राहतं घर नाही, आणि मग पोलिसांना तेवढ्यातच राहावं लागतं. म्हणून वॉरंट हातात आलं की पत्त्याची ओळ आधी वाचा, बाकी सगळं नंतर. चोरीचा माल, बनावट नोटा किंवा बनावट कागद एखाद्या जागी ठेवलेत असा संशय असेल तर कलम ९७, ते वॉरंट जिल्हाधिकारी, प्रांत किंवा प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी काढू शकतात आणि ते कॉन्स्टेबलच्या वरच्या दर्जाच्या पोलिसाला दिलं जातं. आणि माणूस डांबून ठेवला असेल तर कलम १००. हे शेवटचं कलम फार उपयोगाचं आहे, मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून मुलीला घरच्यांनी कोंडून ठेवलंय अशा केसमध्ये प्रांतसाहेबांकडे अर्ज करून शोध वॉरंट काढता येतं, लोक उगाच थेट हायकोर्टाचा खर्च करतात. जुगाराचं तर अजून वेगळं, १८८७ चा जुगार कायदा आहे, त्यात आयुक्तालयाच्या हद्दीत खास वॉरंट पोलीस आयुक्तच काढतात, न्यायाधीशाकडे जायचीच गरज पडत नाही.

प्रश्न : मी सोसायटीचा सेक्रेटरी आहे. रात्री अकरा वाजता पोलीस आले, बी विंगमधल्या एका फ्लॅटची झडती घ्यायची होती, म्हणाले तुम्ही आणि वॉचमन पंच म्हणून चला. मी नाही म्हटलं तर म्हणाले तुमच्यावरच केस होईल. शेवटी गेलो. आता मला आयुष्यभर कोर्टात फेऱ्या माराव्या लागणार का? शेजाऱ्यांशी संबंध बिघडले ते वेगळंच. (डोंबिवली)

उत्तर : सेक्रेटरी झाल्यावर पाण्याच्या टाकीपासून पंचनाम्यापर्यंत सगळं अंगावर येतं, त्याला माझा इलाज नाही. पण कायदा काय म्हणतो ते बघू.

कलम १०३, जुनं १००. झडती घेण्याआधी त्या भागातले दोन किंवा जास्त स्वतंत्र आणि प्रतिष्ठित रहिवासी बोलवायचे, तिथले कुणी मिळत नसतील किंवा तयार नसतील तर दुसऱ्या भागातले. हेच आपले पंच. नकार दिला तर गुन्हा होऊ शकतो हे खरं, भारतीय न्याय संहितेचं (जुन्या आयपीसीच्या जागी आलेली) कलम २२२ लागतं, पण त्याला दोन अटी आहेत : तुम्हाला लेखी आदेश दिलेला पाहिजे आणि तुमच्याकडे वाजवी कारण नसलं पाहिजे. तोंडी "चला हो साहेब" याला लेखी आदेश म्हणत नाहीत. घरात आजारी माणूस आहे, तुमचं त्या फ्लॅटवाल्याशी आधीच भांडण आहे (मग तुम्ही स्वतंत्र कसले), ही कारणं सांगता येतात.

कोर्टाचं म्हणाल तर त्याच कलमात लिहिलंय की कोर्टाने खास समन्स काढल्याशिवाय पंचाला साक्षीला यावं लागत नाही. खटला उभा राहिला आणि सरकारी वकिलांनी तुम्हाला साक्षीदार म्हणून नोंदवलं तर समन्स येईल, आणि ते आलं तर टाळता येत नाही. तोपर्यंत कदाचित दोन-तीन वर्षं गेलेली असतात, पंचाला काही आठवत नाही, आरोपीचा वकील त्याला सोलून काढतो आणि मग पंच म्हणतो "मी फक्त सही केली". की झाला पंच फितूर! म्हणूनच पोलीस ठरावीक माणसं पुन्हा पुन्हा पंच म्हणून नेतात, चहाटपरीवाला, पानवाला, ठाण्यात रोज उठबस असणारे, आणि बचाव पक्ष मग अशा सराईत पंचाला विचारतो की याआधी किती पंचनाम्यांवर सह्या केल्यात. गंभीर गुन्ह्यांत आता सरकारी नोकर पंच म्हणून घेतात, त्याचं कारण हेच.

तुम्ही गेलात ते गेलात, पण पुढच्या वेळी (ती न येवो) काही गोष्टी कराच. कोऱ्या कागदावर सही नाही. पंचनामा जिथे झडती झाली तिथेच लिहिला पाहिजे, ठाण्यात जाऊन लिहितो म्हणाले तर सही पण नाही. कुठली वस्तू कुठे सापडली ते तुमच्या डोळ्यांनी बघितलंय का, आणि तसंच लिहिलंय का, कारण यादीत नुसती वस्तू नाही तर ती मिळाली ती जागा पण लिहायची असते. "बेडरूममधून" आणि "बेडरूममधल्या लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यातून" यात खटल्यात जमीन अस्मानाचा फरक पडतो, कारण ते कपाट कुणाचं, चावी कुणाकडे, हे सगळं त्यावर ठरतं. जप्त वस्तूचं पाकीट तुमच्यासमोर सील झालं का आणि त्यावरच्या लेबलवर सही घेतली का. घरी आल्यावर वहीत चार ओळी लिहून ठेवा, तारीख वेळ घालून. साक्षीच्या वेळी तुमचे तुम्हालाच उपयोगी पडतील.

आणि शेजाऱ्याला समजावून सांगा की पंच हा पोलिसांचा माणूस नसतो, पोलिसांनी नसलेलं काही "सापडलं" म्हणू नये यासाठी कायद्याने तिथे उभा केलेला माणूस असतो. तुमच्यासारखा शेजारचा माणूस पंच असला हे खरं तर त्याच्याच फायद्याचं आहे. तो ऐकेल की नाही ते सोडा.

प्रश्न : मी न्यू जर्सीत असते, आई एकटी कोथरूडला, वय ७४. तिला व्हिडिओ कॉल आला, युनिफॉर्ममधला माणूस, मागे पोलीस स्टेशनसारखं काहीतरी, तुमच्या आधार कार्डवर पार्सल आलंय त्यात ड्रग्ज आहेत म्हणाला आणि व्हॉट्सअ‍ॅपवर "सर्च अँड सीझर वॉरंट" अशी पीडीएफ पाठवली, अशोकस्तंभ, शिक्का, सही सगळं. नशिबाने तिने मला फोन केला. पण अशी वॉरंटं ऑनलाइन येतात का हल्ली?

उत्तर : नाही, नाही आणि नाही. आईंना हे उत्तर वाचून दाखवा, आणि त्यांच्या भिशीतल्या सगळ्यांना पण.

जागेची झडती घ्यायची असेल तर पोलीस त्या जागेवर येतात. झडती वॉरंट हा त्या पोलिसाला दिलेला आदेश असतो, तुम्हाला पाठवायचं पत्र नसतं. व्हॉट्सअ‍ॅपवर येऊन तुम्हाला कॅमेऱ्यासमोर बसवून ठेवणारी, फोन कट करू नका, मुलीला सांगू नका, "व्हेरिफिकेशन"साठी पैसे रिझर्व्ह बँकेच्या खात्यात टाका म्हणणारी झडती कुठल्याच कायद्यात नाही आणि डिजिटल अरेस्ट नावाचा प्रकार तर नाहीच नाही. समन्स आता इलेक्ट्रॉनिक पद्धतीने येऊ शकतं, तेवढं खरं, आणि त्याचाच फायदा हे भामटे घेतात, कारण लोकांनी कुठेतरी वाचलेलं असतं की आता सगळं ऑनलाइन झालंय. पण समन्स म्हणजे अमुक तारखेला हजर राहा, अमुक कागद आणा, इतकंच, त्यात पैसे भरा नसतं. जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने तर पोलिसांना हजर राहण्याची नोटीससुद्धा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका असं सांगितलं. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच कोर्टाने या फसवणुकीची स्वतःहून दखल घेतली, कारण एका वयस्कर जोडप्याला लुटताना चक्क सुप्रीम कोर्टाच्याच नावाचे बनावट आदेश दाखवले होते.

खरं वॉरंट लेखी असतं, काढणाऱ्या न्यायाधीशाची सही आणि कोर्टाचा शिक्का असतो आणि ते दारात आलेल्या माणसाच्या हातात असतं. शंका आली तर त्याचं नाव, हुद्दा, ठाणं विचारा आणि ११२ ला किंवा त्या ठाण्याला स्वतः फोन लावा, त्याने दिलेल्या नंबरवर नाही. पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच, म्हणजे खरंच लगेच, लाजून दोन दिवस घालवले तर पैसे पाच खात्यांतून फिरून गेलेले असतात.

प्रश्न : आम्ही तिघं पुण्यात रूम करून राहतो, एमपीएससी करतोय. रूममेटवर काहीतरी ऑनलाइन फ्रॉडची केस आहे. पोलिसांनी रूम बघितली आणि माझा पण मोबाइल नेला, पॅटर्न विचारला, मी घाबरून सांगितला. द्यायला नको होता का? आणि मोबाइल परत कधी मिळेल, सगळ्या नोट्स त्यात आहेत.

उत्तर : भावा, आधी रूमचं. तिघांची एकच खोली असेल तर झडती पूर्ण खोलीची होणार, तिथे "हा कोपरा माझा" चालत नाही, फक्त पंचनाम्यात कुठली बॅग कुणाची ते नीट लिहून घ्यायला पाहिजे होतं. मालकाची परवानगी लागत नाही. राहणारा माणूस किंवा त्याच्या वतीने कुणीतरी झडतीच्या वेळी हजर राहू शकतो, हा हक्क भाडेकरूचा आहे, मालकाचा नाही.

मोबाइल. नव्या कायद्याच्या कलम ९४ मध्ये स्पष्टच आलंय की डिजिटल पुरावा असू शकेल असं उपकरण हजर करायला सांगता येतं, आणि संशय असेल तर कलम १०६ खाली जप्त पण करता येतं. पण मोबाइल ताब्यात घेणं वेगळं आणि त्यातलं सगळं वाचणं वेगळं, आणि या दुसऱ्या भागावर आपला कायदा अजून गडबडलेला आहे. १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या ११ न्यायाधीशांनी मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड या खटल्यात सांगितलं की बोटांचे ठसे, हस्ताक्षर घेणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावणं नव्हे. आता पासवर्ड हा ठशासारखा की डोक्यातून काढलेल्या माहितीसारखा? कर्नाटक हायकोर्टाने २०२१ मध्ये म्हटलं की पासवर्ड देणं म्हणजे साक्ष नाही, पण देत नसेल तर पोलिसांनी कोर्टातून झडती वॉरंट आणावं, कारण फोन उघडणं हे घर उघडण्यासारखंच आहे. दिल्लीतल्या सीबीआय कोर्टाने २०२२ मध्ये उलट सांगितलं, आरोपीवर पासवर्डसाठी जबरदस्ती करता येणार नाही. दोन्ही निकाल महाराष्ट्रात बंधनकारक नाहीत. पत्रकारांचे फोन-लॅपटॉप उचलण्याबद्दलच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राला नीट नियमावली करा म्हणून सुनावलं होतं. २०१७ च्या नऊ न्यायाधीशांच्या निकालाने खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे हे पक्कं झालं, पण पोलीस ठाण्यात रात्री दहाला बसलेल्या पोराला हे सांगून काय उपयोग, तो पॅटर्न सांगणारच.

त्यामुळे तू सांगितलास म्हणून काही बिघडलं नाही, तू आरोपी पण नाहीस. माझं मत विचारशील तर साक्षीदाराचा फोन त्याच्यादेखत बघून, लागेल तेवढ्याची प्रत घेऊन परत द्यायला पाहिजे, उचलून न्यायला नको, पण तसं करतात कमी. आता तू करायचं ते हे : पंचनाम्याची प्रत आणि त्यात आयएमइआय नंबर आहे का ते बघ, फोन सील केला होता का ते बघ. उघडा फोन चार दिवस ठाण्याच्या टेबलावर पडला असेल तर तो मुद्दा लेखी अर्जात मांड. तपासासाठी इमेज (फोनमधल्या डेटाची हुबेहूब प्रत) काढून झाली की हॅश व्हॅल्यू, त्या प्रतीची आकड्या-अक्षरांची ओळखखूण, नोंदवतात, म्हणजे नंतर कुणी त्यात एक अक्षर जरी बदललं तरी कळतं. फोन परत मिळवण्यासाठी कोर्टात सुपूर्तनाम्याचा अर्ज करायचा, त्याबद्दल खाली जळगावच्या पत्रात लिहिलंय. नोट्स मात्र क्लाउडवर असतील अशी आशा करते.

प्रश्न : घरात आम्ही सासू-सून दोघीच होतो. झडतीला सगळे पुरुष पोलीस. त्यांनी आमची अंगझडती घ्यायचं म्हटलं तर? (अंबाजोगाई)

उत्तर : बाईची अंगझडती बाईच घेणार आणि ती पण शालीनता सांभाळून, याला अपवाद नाही, घाईचा नाही आणि मनुष्यबळ नसल्याचा तर अजिबात नाही. महिला पोलीस येईपर्यंत थांबा म्हणून सांगायचं. घराची झडती मात्र पुरुष पोलीस घेऊ शकतात, तिथे अडवू नका.

प्रश्न : पोलिसांनीच काही घरात टाकलं तर? त्यांची झडती आपण घेऊ शकतो का?

उत्तर : हा प्रश्न नाव-गाव न घालता आलाय, यातच सगळं आलं. कलमात असा हक्क शब्दशः लिहिलेला नाही, पण प्रथा जुनी आहे आणि म्हणूनच पंचनाम्यांत एक ठरलेलं वाक्य असतं की पोलीस आणि पंचांनी आधी आपली अंगझडती देऊ केली. ते वाक्य नुसतं कागदावर राहू देऊ नका, म्हणा, "साहेब देऊ केलीत ना, मग घेतो." चांगला अधिकारी याला हरकत घेत नाही, उलट त्याच्या केसला बळकटीच येते. ही भीती हवेतली नाही, ऑगस्ट २०२४ मध्ये मुंबईत कलिना भागात झडतीच्या वेळी एका माणसाच्या खिशात पोलीसच काहीतरी सरकवताना सीसीटीव्हीत दिसला आणि चार पोलीस निलंबित झाले. तिथे कॅमेरा नसता तर तो माणूस अमली पदार्थांच्या केसमध्ये आत असता.

अमली पदार्थांच्या संशयावरून तुमची अंगझडती घेत असतील तर त्या कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राजपत्रित अधिकारी किंवा न्यायदंडाधिकाऱ्यासमोर झडती घ्या म्हणायचा तुम्हाला हक्क आहे आणि हा हक्क आहे हे पोलिसांनी तुम्हाला सांगायलाच पाहिजे. सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने १९९९ मध्ये बलदेव सिंग खटल्यात ते ठामपणे सांगितलंय. बॅगेला किंवा गाडीला मात्र हे लागू नाही, फक्त अंगावरच्या झडतीला.

नव्या कायद्यातली मला मनापासून आवडलेली गोष्ट इथेच सांगते. कलम १०५. झडती आणि जप्तीचं ऑडिओ-व्हिडिओ रेकॉर्डिंग करायचंच, शक्यतो मोबाइलवर, यादी करताना आणि पंचांच्या सह्या होताना पण, आणि ते विनाविलंब न्यायदंडाधिकाऱ्याकडे पाठवायचं. त्यासाठी ई-साक्ष्य नावाचं अ‍ॅप पण आहे. तेव्हा दारात पोलीस आले की "वॉरंट कुठंय" याच्या बरोबरीने, किंबहुना त्याच्या आधी, "रेकॉर्डिंग सुरू केलंत का साहेब?" हे विचारायला शिका. वॉरंट असो नसो, हे लागतंच.

प्रश्न : आमच्या दुकानाची झडती झाली, पंच दोन्ही पोलिसांच्या ओळखीचे, यादीची प्रत दिली नाही, रेकॉर्डिंगचं माहीत नाही. झडतीच बेकायदा म्हणजे केस आपोआप उडणार ना? आमचे एक नातेवाईक म्हणतात अमेरिकेत उडते. (नाशिक रोड)

उत्तर : अमेरिकेत उडू शकते, आपल्याकडे आपोआप उडत नाही. १९७४ च्या पूरनमल खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की झडती बेकायदा असली तरी त्यात मिळालेला पुरावा तेवढ्याने बाद होत नाही, तो संबंधित आहे का एवढंच बघायचं. १९८० मध्ये आपल्याच महाराष्ट्रातून गेलेल्या नटवरलाल सोनी केसमध्ये, सोन्याच्या तस्करीची होती, तेच पुन्हा सांगितलं. हे मला व्यक्तिशः पटत नाही, कारण मग पोलिसांनी नियम पाळावेत कशासाठी? पण कायदा आज असा आहे आणि अशिलाला खोटी आशा दाखवणारे वकील बरेच आहेत, त्यात मला भर घालायची नाही.

याचा अर्थ चुका फुकट जातात असंही नाही. १९६३ च्या राधाकिशन खटल्यात दोन गोष्टी सांगितल्यात : नियम मोडून घेतलेल्या झडतीला घरमालक विरोध करू शकतो, आणि अशा झडतीतला पुरावा कोर्टाने जास्त बारकाईने तपासावा. दुसरी गोष्ट पकडा, पहिली सोडा. विरोध करायला गेलात की "तीनशे त्रेपन्न" लागतो, आता न्याय संहितेत त्याचा नंबर १३२ झालाय पण ठाण्यात अजून तीनशे त्रेपन्नच म्हणतात, सरकारी कामात अडथळा आणून हल्ला, आणि मग मूळ केस राहते बाजूला. दार उघडत नाही म्हटलं तर दार तोडायचा अधिकार पण पोलिसांना आहे. म्हणून अडवायचं नाही, फक्त जे घडतंय ते टिपायचं. यादीची प्रत मिळणं हा कलम १०३ खालचा हक्क आहे, ती दिली नाही तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पोलीस निरीक्षकाला लेखी द्या, पोच घ्या, प्रत अधीक्षकांना किंवा आयुक्तांना. पंच कुठले आहेत, त्यांचे पत्ते यादीवर आहेत का, दुकानाचा स्वतःचा सीसीटीव्ही असेल तर त्याचं फुटेज पुसलं जायच्या आत काढून ठेवा. खटल्याच्या वेळी दोन वर्षांनी "प्रत दिली नव्हती" म्हटलं तर न्यायाधीश विचारणार, मग तेव्हाच का नाही बोललात? त्या वेळी हा पोचेचा कागद दाखवता येतो.

विनाकारण त्रास देण्यासाठी झडती घेतली असेल तर महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम १४७ आहे, ते बेकायदा किंवा विनाकारण झडती घेणाऱ्या पोलिसालाच शिक्षा देतं. राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे. पण पोलिसांविरुद्धच्या कारवाईला मुदतीचा मुद्दा आडवा येतो, त्यामुळे "केस संपल्यावर बघू" करू नका.

प्रश्न : आमचं सोन्याचं छोटं दुकान आहे. बाहेरच्या जिल्ह्यातले पोलीस बेड्या घातलेल्या एका पोराला घेऊन आले, तो म्हणाला मी चोरीचं मंगळसूत्र यांना विकलं. आम्ही तेव्हाच वितळवलं होतं. पोलिसांनी तेवढ्या वजनाची लगड घेतली, वर आमचं दुसरं सोनं पण नेलं. काय करायचं? (जळगाव)

उत्तर : सराफ बाजारात हे दुखणं कायमचं आहे. आरोपी जेव्हा म्हणतो "मी माल विकला ते दुकान दाखवतो", तेव्हा आधी ठाण्यात पंचांसमोर त्याचं निवेदन लिहितात आणि मग त्याने दाखवलेल्या जागी जाऊन जप्ती पंचनामा करतात, याला मेमोरेंडम पंचनामा म्हणतात. पोलिसांपुढची कबुली एरवी पुराव्यात चालत नाही, पण त्या कबुलीमुळे प्रत्यक्षात जी वस्तू सापडली तेवढा भाग चालतो. म्हणजे हा कागद खटल्याचा कणा असतो आणि म्हणूनच त्यात वजन, शुद्धता, लगडीवरची खूण, तुमच्या तिजोरीत की काउंटरमध्ये, सगळं बरोबर असायला पाहिजे. निवेदनात एक मंगळसूत्र आणि जप्तीत दोन बांगड्या जास्त, असं असेल तर त्या बांगड्या कशाच्या आधारे नेल्या हा तुमचा पहिला प्रश्न.

बाहेरच्या जिल्ह्याचे पोलीस येऊ शकतात, कलम १८६, पण एरवी त्यांनी स्थानिक ठाण्यामार्फत यायचं, आणि उशीर झाला असता म्हणून थेट आले तर तिथल्या ठाण्याला ताबडतोब कळवायचं आणि यादी पाठवायची. जळगावच्या ठाण्यात तशी नोंद आहे का ते विचारा. नसेल तर तेही लिहून घ्या.

तुमची खरेदीची नोंद असेल, विकणाऱ्याचं आधार कार्ड, बिल, पैसे खात्यातून दिलेले, तर चोरीचा माल जाणूनबुजून घेतला हा आरोप टिकणं अवघड जातं. नोंद नसेल, रोखीत आणि बाजारभावापेक्षा बरंच कमी दराने घेतलं असेल, तर मग साधेपणाने घेतलं म्हणायला जागा कमी राहते, हे तुम्हालाही कळतंय.

सोनं सोडवायचं तर ज्या कोर्टात तो गुन्हा आहे तिथे जावं लागेल, जळगावात नाही. कलम ५०३ किंवा केस सुरू झाली असेल तर ४९७ खाली मुद्देमाल परत मिळण्याचा अर्ज. २००२ च्या सुंदरभाई देसाई निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की जप्त माल ठाण्यात सडवत ठेवू नका, फोटो काढा, पंचनामा करा, बाँड घ्या आणि माल सोडा, जास्तीत जास्त पंधरा दिवस ते महिना. अर्जासोबत हा निकाल लावा. चोरीच्या मंगळसूत्राच्या वजनाएवढ्या लगडीवर फिर्यादी बाई पण हक्क सांगणार आणि बहुतेक वेळा कोर्ट अंतरिम ताबा तिलाच देतं, त्यामुळे दोन अर्ज वेगळे करा : एक त्या लगडीचा आणि दुसरा वर नेलेल्या सोन्याचा, स्टॉक रजिस्टर आणि जीएसटीची बिलं जोडून. एकाच अर्जात दोन्ही घातलं की लगडीच्या वादात तुमचं चोख सोनं पण तारखांवर तारखा अडकून पडतं.